कोयता कुणाचा?

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना कोयता आहे. हल्ली पुण्याकडच्या बातम्यांत आमच्या जातभाईंचं नाव निघालं की लोक दारं लावून घेतात, हे मला ठाऊक आहे. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, तशातला मी. मी गवत कापलं, करवंदीच्या जाळ्या तोडल्या. माणसाच्या अंगाला माझी धार कधी लागली नाही.

तळेगावच्या एका लोहाराने ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगच्या पाट्यातून मला घडवलं. लोणावळ्याच्या वर डोंगरात ठाकरांची वाडी आहे. तिथल्या गेणूने मला नेलं, स्वतः तासून बाभळीची मूठ बसवली. वर्षानुवर्षं धरून त्याच्या अंगठ्याचा खळगा मुठीत पडला. त्याची बायको सावित्राबाई मला आपली सवत म्हणायची आणि घासून लख्खही तीच करायची. ते दिवस फार सुखाचे होते.

वाडीची एक रीत होती. दुसऱ्याच्या दारात धार घेऊन जायचं नाही. कुणी पाणी प्यायला बोलावलं तरी कोयता कुंपणाला टेकवायचा, मगच आत पाऊल टाकायचं.

त्या दिवशी गेणू एका बंगल्याचं गवत कापत होता. दुपारी मालकीणबाईंनी त्याला जेवायला आत बोलावलं. रीतीप्रमाणे त्याने मला बाहेर, शेजारच्या बंगल्याच्या भिंतीला टेकवलं. नेमकी त्याच वेळी शेजारच्या बंगल्यात चोरी झाली. चोरांनी तिथल्या राखणदाराचं डोकं फोडलं आणि मागच्या बाजूने पळाले. गेणू हात धुऊन बाहेर आला तेव्हा भिंतीपाशी पोलीस उभे होते.

"हा कोयता कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माजा हाय, सायेब," गेणू म्हणाला. "म्याच ठिवला हितं."

दुसरा कुणी असता तर कानावर हात ठेवले असते. गेणूला खोटं बोलायचं सुचलंच नाही. त्याला गाडीत घातलं, माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली. मालकीणबाई पोलिसांच्या भानगडीला भ्यायल्या आणि तो आत जेवत होता एवढंही बोलल्या नाहीत. त्यांचा मला आजही राग येतो.

मी मुद्देमालाच्या खोलीत गंजत पडलो. बाहेरच्या बोलण्यावरून पुढचं कळत गेलं. गेणूला जामीन मिळाला, पण जामीनदार हवा होता, आणि त्याच्याजवळ जमिनीचा नाहीतर घराचा कागद हवा होता. साऱ्या वाडीत असा कागद एकाकडेही नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरावर राहिले, तो कागदावर त्यांचा नव्हताच.

तळेगावच्या शहिस्ता वकीलबाईंनी ही केस घेतली. कागद नाही म्हणून माणूस कोंडू नका, असे फलक घेऊन त्या वाडीतल्या बायांसोबत कचेरीसमोर उन्हात बसल्या. लोक हसले. शेवटी त्यांचे वडील, बांगड्यांचे दुकानदार महंमदभाई, जामीन राहायला पुढे आले. ठाकराच्या पोरासाठी दुकान कशाला अडकवता, असं बाजाराने त्यांना विचारलं. त्यांनी आपलं दुकान खरंच अडकवलं.

दुकानाच्या कागदांची तपासणी रेंगाळली. इकडे तुरुंगात गेणूला खोकला लागला आणि त्यातच तो गेला. कागद पास झाले, तेव्हा सोडवायला माणूस उरला नव्हता.

आरोपीच मेला म्हणून खटला बंद झाला. गेणू निर्दोष होता, असं कुणी म्हटलंच नाही. मला मात्र त्याच्या घरच्यांकडे परत द्यायचा हुकूम निघाला.

सावित्राबाई आली, सोबत शहिस्ताबाई. चपला दाराबाहेर काढून ती आत आली. मला टेबलावर ठेवलं होतं. तिने मुठीतल्या खळग्यात आपला अंगठा ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही. मला वाटलं, आता घरी.

कारकुनाने विचारलं, "बाई, हा कोयता तुमचाच ना?"

तिने हात मागे घेतला.

"न्हाई, सायेब. आमचा न्हाई."

शहिस्ताबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बायांना घेऊन त्या पुन्हा कचेरीसमोर बसल्या, असं ऐकलं.

मित्रांनो, मी आता भंगारात जाईन, त्याचं काही नाही. पण कुणी साधा माणूस तुमच्यापुढे खरं बोलला, तर त्याचं नीट ऐकून घ्या. सावित्राबाई आयुष्यात एकदाच खोटं बोलली. तेही माझ्यावरचा हात मागे घेऊन.