चांगुणाची चौकट

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि राहुरीजवळच्या त्या खेड्याबाहेर ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या उभ्या राहिल्या. शाळेच्या पुष्पावतीबाईंनी तिथे चार खेपा घातल्या, आयाबायांची मनधरणी केली, तेव्हा कुठे पाथर्डीकडची एकच पोर शाळेत आली. चांगुणा, वय वर्षं दहा.

आली खरी, पण बसणार कुठे? वर्गाची जमीन मातीची. दर शनिवारी पोरी ती सारवायच्या आणि सोमवारी जो तो खिळ्याने आपापल्या बसायच्या जागेची चौकट पुन्हा कोरायचा. चांगुणा कुठे टेकली रे टेकली, की वर्गातली लंका ओरडायची, "ए, ऊठ! ती जागा आमची हाय!"

तीन दिवस पोर उंबऱ्यात बसली. चौथ्या दिवशी बाईंनी तिला मोठ्या मानाने आपल्या खुर्चीशेजारी बसवलं. झालं! वर्ग फिदीफिदी हसला आणि चांगुणाने दिवसभर मान वर केली नाही. बाईंना स्वतःचाच राग आला. कुणी सांगितला होता हा शहाणपणा!

शाळा सुटल्यावर ती हळूच म्हणाली, "बाई, म्या आता येत न्हाई."

"उद्या सारवण आहे, तेवढ्याला ये," बाई म्हणाल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

शनिवारी चांगुणा आली, पण दारातच उभी राहिली. बाई नगरात फरशीवर वाढलेल्या, त्यांना सारवणातलं ओ की ठो कळत नव्हतं. लंकाने कालवलेला शेणकाला ताकासारखा पातळ झाला होता.

"अगं, हे सोमवारपत्तुर उखडंल की!" चांगुणा म्हणाली आणि कोप्यांकडे पळाली. आता गेली ती गेलीच, असं बाईंना वाटलं. पण थोड्या वेळाने ती डोक्यावर पाटी घेऊन हजर. बापाच्या बैलांचं ताजं शेण! परकर खोचून ती खाली बसली आणि तिचा हात जमिनीवर सरसर फिरू लागला.

"कुठं शिकलीस गं?" लंकाने विचारलं.

"आमाला दरसाली नवी कोपी. जाऊ तिथं सारवायचं."

लंकाने परकर खोचला. मग तिच्या शेजारी बसून तिच्यासारखा हात फिरवू लागली.

सोमवारी पोरं खिळ्यासाठी झोंबत होती. लंकाने तो हिसकावला आणि चांगुणापुढे धरला. "घे. आदी तू कोर."

चांगुणाने लंकाच्या जागेला लागून चौकट कोरली.

चैत्रात ऊसतोड संपली, कोप्या उठल्या, चांगुणा गेली. पुढच्या शनिवारी बाईंना सारवलेल्या जमिनीत मधोमध एक चौकट तशीच कोरडी दिसली.

"ही राहिली की गं, लंका."

"राहू द्या, बाई. पुसली तर कोरायला ती न्हाई हितं," लंका म्हणाली. "दिवाळीनंतर येनार हाय ती."