घरचाच भूकंप

मी एक जुना काचसरडा आहे, आणि मी रागावलेला आहे.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणारी मंडळी, म्हणजे फाटक्या छत्र्या, गंजलेल्या सायकली वगैरे, फार सोशिक असतात. झिजलो, अडगळीत पडलो, तरी कृतार्थ आहे म्हणतात. मला ते जमायचं नाही. मी झिजलेलो नाही. मला पुन्हा पुन्हा मारण्यात आलं आहे, आणि तेही बहुतेक वेळा आपल्याच माणसांकडून.

मी एका व्हिडिओ गेममध्ये राहतो. त्यात तऱ्हेतऱ्हेचे प्राणी पाळायचे आणि एकमेकांशी झुंजवायचे असतात. मला घडवणारे लोक एका थंडगार ऑफिसात बसत. एका चित्रकार बाईंनी माझं अंग पारदर्शक काढलं, शेपटीला निळी कड दिली. तिथवर सगळं छान होतं. मग माझा कागद शेजारच्या टेबलावर गेला. तिथले गृहस्थ प्राण्यांना गुण वाटत असत. त्यांनी मला कोणालाच नसेल इतका वेग दिला आणि तेवढीच मार सोसायची ताकद काढून घेतली. म्हणजे सगळ्यांच्या आधी वार मी करणार, आणि मला कोणी जोरात शिंकलं तरी मी मरणार. याला तिथे समतोल म्हणतात. गृहस्थांनी स्वतः मात्र पाठीशी उशी घेतलेली होती.

माझं अंडं फुटलं ते एका चष्म्याच्या दुकानात. दुकान मामाचं. तो डोळे तपासायचा आणि आतल्या मशीनवर भिंगं घासायचा. मामी मधल्या टेबलाशी बसून ती भिंगं फ्रेममध्ये बसवायची. काउंटरवर भाची. लोकांच्या नाकावर फ्रेमा ठेवून "हं, आता बघा बरं" म्हणायचं काम तिचं. गिऱ्हाईक आरशात स्वतःला न्याहाळत बसलं की ती काउंटरखाली हात घालून मोबाइलवर अंडी उबवायची. मनासारखा वेगवान सरडा निघेपर्यंत तिने माझ्या कितीतरी भावंडांना 'मुक्त' केलं. हे त्या खेळातलं एक बटण आहे. ते दाबलं की प्राणी हिरव्या रानाकडे पळताना दिसतो आणि मग पुसला जातो. पुढे रान वगैरे काही नसतं. त्यामुळे भाचीवरही माझा थोडा राग आहे, पण तो रांगेत मागे उभा आहे.

तिने माझं नाव चुटक्या ठेवलं. तिला माझी रीत नेमकी कळली होती. आपला एखादा प्राणी पडला की त्याच्या रिकाम्या जागी मला आणायचं, म्हणजे आत येता येता मार बसत नाही. मी झटकन वार करायचा. समोर कोणी दांडगट आला की तिने मला मागे बोलवायचं. आम्ही दोघं जिंकत होतो. एका शाळामास्तरांचा तीन माणसं गिळणारा मगर-राक्षस मी एका फेरीत झोपवला, तेव्हा मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "अगं, हा दिसला कधी आणि गेला कधी?" माझ्या आयुष्यातलं कौतुक एवढंच.

मग जोडीचे सामने निघाले आणि मामा खेळात उतरला.

जोडीत दोन खेळाडू, मैदानावर प्रत्येकाचा एकेक प्राणी. मामाचा दगड्या. दगड्या म्हणजे पाय फुटलेली टेकडी. तो हळू चालतो, हळू विचार करतो आणि त्याची मुख्य चाल आहे भूकंप. भूकंप कोणाचीच बाजू घेत नाही. हवेत उडणारे सोडले, तर मैदानावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो लागतो. शत्रूला लागतो, तसाच शेजारी उभ्या असलेल्या आपल्या जोडीदारालाही. दगड्याचा जोडीदार मी.

"मामा, भूकंप नको. चुटक्या बाजूला उभा आहे."

"असू दे गं. तो एवीतेवी पडणारच आहे."

एवीतेवी! मित्रांनो, हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा माझ्यासमोर आणा. मी पडणारच आहे, मग आत्ता का नको, आणि आपल्याच हातून का नको, असा त्याचा अर्थ. शत्रूच्या हातून मी क्वचित मेलो, कारण शत्रूला मला आधी गाठावं लागायचं. दगड्याला तसला त्रास नव्हता. मी त्याच्या शेजारीच होतो. आम्ही जिंकलो की मामा दगड्याची पाठ थोपटायचा, हरलो की म्हणायचा, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत."

भाचीने फार कुरकुर केली तेव्हा मामाला माझी दया आली. रागापेक्षा दया वाईट. त्याने मला शिशाचं चिलखत घातलं. "घे, आता नाही फुटायचा तुझा काच्या." चिलखताने माझा वेग गेला, म्हणजे माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं गेलं. मी गोगलगायीच्या मागून वार करू लागलो. भाचीने दुसऱ्याच दिवशी ते उतरवलं. मामा म्हणाला, "करायला जावं भलं..." आणि वाक्य अर्धं सोडून दिलं, जणू भलं झालंच होतं.

जोडीच्या स्पर्धेच्या फायनलच्या आदल्या दिवशी त्याने मशीनचं तोंड पुसत जाहीर केलं, "उद्या हा पुन्हा आधी पडला तर याला मुक्त करायचं. जागा अडवून बसलाय. दगड्याला जोड म्हणून एक लोखंडी बैल बघून ठेवलाय मी."

खेळातलं खातं मामाच्या नावावर होतं. भाचीला गप्प बसावं लागलं. मला तर तोंडच दिलेलं नाही.

फायनल खेळाच्या सामानाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होती. समोर नर्सिंग शिकणाऱ्या दोन जुळ्या बहिणी. सामना अटीतटीचा झाला. शेवटी त्यांच्याकडे एकच घुबड उरलं, तेही धापा टाकणारं. आमच्याकडे जखमी दगड्या आणि धडधाकट मी.

भाची मामाच्या कानाशी म्हणाली, "त्या आता ढाल धरणार. ढाल एकच फेरी टिकते. तू दगड्याला नुसता बसव. पुढच्या फेरीत चुटक्या संपवतो."

"बसवू? फायनलमध्ये बसवू?"

"हो! बस म्हणजे बस!"

मामाच्या अंगठ्याला बसायची सवय नव्हती. त्याने भूकंप दाबला. घुबड हवेत होतं, शिवाय ढालीमागे. त्याचं पीसही हललं नाही. जमिनीवर मी एकटाच होतो. पुढच्या फेरीत दगड्याने हात उचलेपर्यंत घुबडाने त्याचा निकाल लावला. जुळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मामा म्हणाला, "शेवटी काच ती काचच."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या त्याने यादी काढून माझ्यावर बोट ठेवलं. पडद्यावर प्रश्न आला: मुक्त करायचं? हो. नाही.

"थांब," भाची म्हणाली. "आधी कालचा सामना परत बघ. मग दाब."

"बघण्यासारखं काय आहे त्यात? पडला तो."

"कसा पडला ते बघ."

तिने शेवटची फेरी लावली. मामी हातातलं भिंग पुसत मागे येऊन उभी राहिली. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"हा डोंगर कोणाचा?"

"माझा," मामा म्हणाला.

"आणि हा सरडा?"

"आपलाच."

"मग डोंगराने सरड्याला का मारलं?"

"मारलं नाही गं. भूकंप केला. त्यात तो गेला."

"म्हणजे मारलंच की."

"अगं, तो एवीतेवी..."

"एवीतेवी काय?" मामीने भिंग टेबलावर ठेवलं. "लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हे. एवीतेवी तू घरीच आहेस. एवीतेवी तुझी कंबर दुखतेच. शेजारी कोण उभं आहे ते बघायचं नाही, दणका द्यायचा, आणि माणूस बसला की म्हणायचं, नाजूकच होतं बाई! अहो, दिवसभर लोकांचे डोळे तपासता ना?"

भाची फ्रेमांचं कपाट विनाकारण पुसू लागली. मामाने घसा खाकरला, बोट सरकवलं आणि 'नाही' दाबलं.

"राहू दे. आणखी एक संधी देऊ त्याला."

त्याला! भूकंप याने केला, आणि संधी मला. माझी शेपूट तापली होती.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा उभे राहिलो, दगड्या आणि मी. मामाची पाळी आली. तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दगड्याच्या शेजारी बघितलं. बघतच राहिला. इतका वेळ बघत राहिला की त्याची मुदत संपली. आणि मुदत संपली की यंत्र थांबत नाही. खेळाडूच्या यादीत जी चाल सगळ्यात वर असेल ती ते आपणहून खेळतं. मामाच्या यादीत सगळ्यात वर काय असणार?

मी मेलो.

"अरे!" मामा ओरडला. "अरे, चुटक्या गेला!"

तोवर मी त्याच्या तोंडी काच्याच होतो.

त्या संध्याकाळी त्याने भूकंप यादीत खाली ढकलला आणि 'बसणे' वर आणलं. भाचीला विचारून विचारून, चष्मा कपाळावर चढवून. मामी भिंग बसवता बसवता म्हणाली, "जमतंय की." मी विरघळलो का? नाही. चाल खाली गेली आहे, पुसलेली नाही, आणि मामाचा अंगठा अजून तोच आहे.

मित्रांनो, नाजूकांची काळजी घ्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. तुम्ही काळजी घेता म्हणजे शिशाचं चिलखत घालता. आम्हाला वेगाने पळू द्या, वेळेवर मागे बोलवा, आणि आपल्या यादीत सगळ्यात वर काय ठेवलंय ते एकदा तपासा. हात अडला, डोकं बंद पडलं, की तुमच्याकडून तेच होणार आहे.

मी मेलो तरी पुढच्या सामन्याला उठून उभा राहतो. हा माझ्या खेळाचा नियम आहे. तुमच्या शेजारी जो उभा आहे, त्याला तो लागू नाही.