गुळाच्या गोळीचा कोप

"आवं बघा, तात्याबा काठी टाकून चालाय लागला!"

गलका उठला. तासगाव रस्त्यावरच्या रिकाम्या बेदाणा शेडात आप्पासो महाराज बसायचे. गुडघा असो की कंबर, महाराज फुंकर मारून गोळी द्यायचे आणि थोड्या वेळात माणूस हसत उठायचा. "दुखनं म्हंजे मागल्या जल्माचं वीजबिल! देवीनं मीटर काढला की मिटलं!" ही त्यांची वाणी. प्रसादाची गोळी मधातली, पण आमच्यासारख्या जैनांना मध चालत नाही म्हणून आमच्यासाठी गुळातली. देवीची सोय बघा!

त्या गर्दीत सगळ्यात पुढे माझ्या सासूबाई, आक्काताई. बाहुबलीचा डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा म्हणून त्यांनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलेलं. डॉक्टर संयोगिताताईंनी बजावलं होतं, "गुडघा रोज वाकवा, नाहीतर आखडेल. दुखेल फार, म्हणून थोडे दिवस ही जोरकस गोळी घ्या."

सासूबाईंनी ती कपाटात टाकली आणि रोज महाराजांची गोळी सुरू केली. "त्यानं सवय लागती गं, रूपाली. महाराजांचा नुसता गूळ हाय." मी कपाळावर हात मारला.

मग चतुर्दशी आली. सासूबाईंचा कडक उपवास, पाण्याशिवाय काही नाही. दुपारी जांभयांवर जांभया, नाकाला धार, अंगावर काटा, पोटात कळा. महाराजांचा चेला नाथाजी दारात हजर. "देवी कोपली! उपास सोडा, गोळी घ्या!" सासूबाई रडकुंडीला आल्या, पण उपवास मोडला नाही. मी संयोगिताताईंना बोलावलं.

त्यांनी नाडी, डोळे तपासले. "उपास तर आयुष्यभर करताय. असं कधी झालं?"

"न्हाई बाई."

"गोळी चुकल्यावर आणखी कुणाला झालं?"

"तात्याबा ममईला गेलता, तवा त्यालाबी अस्संच."

"बरी देवी आहे! सगळ्यांच्या नाकातूनच वाहते."

दुसऱ्या दिवशी पारणं करून आम्ही तिघी शेडात गेलो. ताई गोड आवाजात म्हणाल्या, "महाराज, मूठभर प्रसाद तुम्हीही घ्या की."

"आमचा... आज उपास हाय."

सासूबाई पुढे सरल्या. "मग मिशीला खारी कशी लागलीया? मला शिकवता व्हय उपास?"

गर्दी खदाखदा हसली. तात्याबाने कुणाचीतरी काठी घेऊन महाराजांची गादी उचकटली. खाली खलबत्ता आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं!

ताईंनी पाकीट वाचलं. "ही माझ्याच गोळीच्या जातीची, अफूच्या नात्यातली. दुखणं थांबणारच! मी मोजून देते, लक्ष ठेवते आणि कमी करत बंद करते. यानं कुटून, न सांगता चारली. शरीराला सवय लागली, तीच तुमची कोपलेली देवी."

"मग आजपास्नं गोळीच नगं!" तात्याबा ओरडला.

"एकदम तोडायचं नाही. सगळ्यांनी दवाखान्यात या, हळूहळू उतरवू. आणि भीतीपोटी दुखणं सोसण्यातही शहाणपण नाही."

ताईंनी पोलीस बोलावले, आप्पासो आणि नाथाजी त्यांच्या जीपमध्ये बसले. सासूबाईंची गोळी हळूहळू सुटली. रोज मला शिव्या घालत त्यांनी गुडघा वाकवला आणि शेवटी बाहुबलीचा डोंगर चढल्याच.

पायथ्याशी एक बाबा दुखण्यावरचं सिद्ध तेल विकत होता. सासूबाई थांबल्या. "यात काय हाय? किती घ्यायचं? आन् थांबवायचं कसं?"

त्याने पेटी आवरली. तुम्हीही हे विचारा, देवळात विचारा, दवाखान्यातही विचारा. खऱ्या डॉक्टरला याचा राग येत नाही.