फिलिमोनेचा आवाज

अनासेनीने टबातल्या पाण्यात कोपर बुडवलं, क्षणभर थांबली आणि आणखी एक मग गार पाणी ओतलं. समोरच्या बाकावर बसलेल्या शेजारच्या म्हातारीने पाय पुढे केले. दवाखान्याच्या व्हरांड्यात औषधांच्या खोक्यावर टेकवून ठेवलेला मोबाइल हे सगळं टिपत होता.

"साखर वाढली की पाय खोटं बोलायला लागतात," अनासेनी मोबाइलकडे बघत म्हणाली. "पाणी पोळतंय की नाही ते पायाला विचारायचं नाही. कोपराला विचारायचं."

"आणि सुनेला विचारायचं नाही," म्हातारी मध्येच म्हणाली. "ती म्हणते, गारच आहे."

अनासेनीने तेही चित्रणात राहू दिलं. हसता हसता लोक ऐकतात, एवढं तिला या वर्षात कळून चुकलं होतं. टोंगातल्या या छोट्या बेटावरची ती एकटीच नर्स. वर्षभरापूर्वी तिने दवाखान्याचं हे मोबाइलवरचं पेज सुरू केलं, कारण साखरेबद्दल टोंगन भाषेत काही शोधायला जावं तर हाती लागायचा तो ऑकलंडचा ज्यूसवाला. बाकी सगळी माहिती इंग्रजीत, आणि तीसुद्धा अशी की वाचणाऱ्याला आपण मेलोच असं वाटावं. ज्यूसवाला मात्र दर रविवारी जेवणं आटोपली की हजर. आधी प्रार्थना, मग थोडं रडणं, मग 'माझ्या माणसांनो' अशी हाक, आणि शेवटी नोनी नावाच्या फळाच्या रसाची बाटली. गोळ्या फेका म्हणे, बाटली घ्या. अनासेनीला त्याचा इतका राग होता की तो बोलतो फार छान, हेही ती उघड कबूल करत नसे.

चित्रण संपवून ती टब पालथा करत होती, तेवढ्यात भावजय लोसालिने आली. तिच्या काखेत तारोच्या, अळूसारख्या, कोवळ्या पानांची टोपली होती. धाकट्या भावाच्या, हानितेलीच्या मळ्यात जे पहिलं निघेल ते थोरल्या बहिणीकडे जायचं, ही रीत. तो पाठवायचा, स्वतः कधी यायचा नाही, हीदेखील रीतच.

"वन्सं, एक बोलू का? रागावणार नसाल तर."

"बोल की."

"तुमचं ते मोबाइलवरचं." लोसालिने टोपलीची पानं उगाच सारखी करू लागली. "आमच्याकडे लागतं हो सगळ्यांसमोर. पोरं बघतात, मी बघते. पण तुमचा आवाज आला की हे उठतात आणि बाहेर जातात. डुकरांना खायला घालायचंय म्हणतात. दिवसातून किती वेळा जेवतील डुकरं?"

अनासेनीने पालथा टब उचलून घेतला.

"मग तुमचं संपतं आणि पुढे आपोआप तो ज्यूसवाला लागतो. तेव्हा हे परत येऊन बसलेले असतात."

अनासेनी टब हातात घेऊन तशीच उभी राहिली. भावाबहिणीने एका खोलीत बसून सिनेमासुद्धा बघायचा नाही, एकमेकांच्या देहाचा विषय तर काढायचाच नाही, हे ती बोलायला शिकायच्या आधी शिकली होती. चुलतभाऊ, मावसभाऊ, सगळे भाऊच. म्हणजे बेटावरचे निम्मे पुरुष तिचे भाऊ. आणि वर्षभर ती त्यांच्याच घरात, त्यांच्या बायकापोरांसमोर, पायांबद्दल आणि लघवीबद्दल बोलत होती. बाहेरून आलेल्या एखाद्या डॉक्टरीण बाईने केलं असतं तर तिनेच तिला शहाणपण शिकवलं असतं.

"गोळ्या?" तिने विचारलं.

"ईस्टरपासून बंद आहेत. आणि पाय…" लोसालिनेने आवाज खाली घेतला. "शिंपल्यावर पडला होता पाय, खाडीत. आता मोजा घालून हिंडतात. झोपतातही मोजा घालून. वन्सं, वास येतो."

"त्याला इकडे पाठव."

"ऐकतात का माझं? तुम्ही सांगा. तुमच्या शब्दाबाहेर नाहीत ते. तुम्ही म्हणालात तर राहतं घर पाडतील."

"घर पाडायला सांगता येईल गं," अनासेनी म्हणाली. "मोजा काढायला नाही सांगता येत."

हे खरं होतं, आणि तिला त्याची फार चीड आली. बहिणीचा मान भावाच्या वर, म्हणून लग्नात, मयतात ती सगळ्यांच्या वर बसायची. हानितेलीची पोरं आत्यापुढे मान खाली घालून उभी राहायची, सगळ्यात भारी चटई तिच्या वाट्याला यायची. आणि त्याच भावाच्या तळपायाला भोक पडलं, तर तिने मूग गिळून बसायचं.

दुसऱ्या दिवशी तिने फिलिमोनेला गाठलं. फिलिमोने दवाखान्याची गाडी चालवायचा. शिवाय चर्चच्या रग्बी सामन्यांचं धावतं वर्णन करायचा, आणि ते ऐकायला शेजारच्या बेटावरून माणसं यायची.

"मी?" तो म्हणाला. "मला साखरेतलं एवढंच कळतं की चहात तीन चमचे लागतात."

"मी लिहून देते. तू फक्त बोलायचं. माझं तोंड नाही, आवाज नाही, काही दिसायला नको."

"आणि चहाचं काय?"

"चहाचंही तूच सांग. तीनवरून एकवर कसा आलास ते."

"अजून आलो कुठे?"

"येशील."

फिलिमोनेने तिचं लिहिलेलं पहिल्या दिवशीच धाब्यावर बसवलं. साखर म्हणजे चेंडू घेऊन पळणारा गडी आणि गोळी म्हणजे त्याला आडवा पाडणारा, असं काहीतरी तो बरळला. अनासेनीने कपाळावर हात मारला, पण तपासून बघितलं तर चुकीचं काहीच नव्हतं. चार दिवसांत पेजवर पुरुषांची नावं दिसायला लागली. वर्षभरात जे झालं नव्हतं ते त्या चेंडूवाल्याने केलं, याचं तिला बरं वाटलं आणि थोडं लागलंही.

मग तिने मुद्दाम एक वेगळा मजकूर लिहून दिला. त्यातला शब्दही बदलायचा नाही अशी ताकीद दिली आणि फिलिमोनेने ती पाळली.

"मोबाइलवर कोणी गोळ्या बंद करा म्हणाला, तर त्याला विचारा, तुझी साखर शेवटची कधी मोजलीस, आकडा दाखव. आकडा न दाखवता बाटली दाखवायला लागला तर तिथेच सोडून द्या. विकणारा आणि सांगणारा एकच असेल तर दुसऱ्या कोणाला तरी विचारा. माझ्या शब्दावरही जाऊ नका, मी गाडी चालवतो. खाली आरोग्यखात्याच्या पानाचा पत्ता दिलाय, आपल्याच भाषेत आहे. मी बोललो ते तिथे आहे का बघा. नसेल तर मला येऊन शिव्या द्या."

त्या आठवड्यात दुपारी, रुग्ण नव्हते तेव्हा, पेजवर खाजगी निरोप आला. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी एका गावाचं नाव होतं आणि फोटोत एक डुक्कर.

"फिलिमोने, कोणाला सांगणार नाहीस ना?"

"नाही," त्याच्या जागी अनासेनीने लिहिलं.

"पायाला जखम आहे. खोल आहे, पण दुखत नाही. ज्यूसवाल्याला विचारलं. म्हणाला, दुखत नाही म्हणजे आतून भरतेय. आकडा विचारला तर त्याने उत्तरच दिलं नाही. तू सांग."

तिने बोटं पुसली, जणू ओली होती. "तो चुकीचं सांगतोय. दुखत नाही हेच वाईट. तुझ्या पायाच्या नसा गप्प झाल्यात. आजच्या आज दवाखान्यात ये."

मग आलं, "तुमच्याकडे एकच नर्स आहे. मला तिच्यासमोर मोजा काढता येणार नाही."

"का?"

"मी तिचा भाऊ."

तिला बेटावर तीसेक भाऊ होते, पण मोजा घालून हिंडणारा एकच. तिने खिडकीबाहेर बघितलं. फिलिमोने गाडी धूत होता आणि स्वतःशीच कुठल्यातरी सामन्याचं वर्णन करत होता. तिला लिहावंसं वाटलं की गाढवा, लाज जपशील आणि पाय घालवशील. ते तिने लिहिलंही आणि पुसून टाकलं.

"उद्या ती नसते," तिने लिहिलं. "दुसरी असते."

दुसरी कोणी नव्हतीच. तिने शेजारच्या बेटावरच्या पेलेनाइसेला फोन केला, गयावया केली आणि सकाळच्या होडीने बोलावून घेतलं. पेलेनाइसे नवी होती, जखमा साफ करायचा तिला फारसा सराव नव्हता. या कामात बेटाबेटांत अनासेनीचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई घरी चटई विणत बसली. विणताना तीनदा केवड्याच्या पानाची पट्टी चुकली. भाऊ हाकेच्या अंतरावर होता आणि आपण इथे पानं मोडतोय, या विचाराने तिला रडू आलं. तिने ते येऊ दिलं.

संध्याकाळी पेलेनाइसे होडीला जायच्या आधी येऊन गेली.

"हाड वाचलंय," ती म्हणाली. "डॉक्टरांना फोनवर सगळं दाखवलं. औषध सुरू केलंय. पण रोज साफ करून पट्टी बदलावी लागणार, आणि त्या पायावर भार द्यायचा नाही. एवढं केलं तर पाय राहील म्हणाले. ताई, मला फार वेळ लागला हो. तुम्ही हव्या होतात."

"रोज येशील?"

"मी? माझा दवाखाना कोण बघणार?"

ती गेल्यावर अनासेनी व्हरांड्यात बसून राहिली. एक दिवस गायब होणं जमलं. महिना दीड महिना कोण गायब होणार? आणि पट्टी चुकली तर हा पुन्हा मोजा चढवेल आणि रविवारी ज्यूसवाल्यासमोर जाऊन बसेल, याबद्दल तिच्या मनात काडीची शंका नव्हती.

सकाळी दवाखाना उघडला तेव्हा डुकराच्या फोटोवाल्याचा निरोप आलेला होता.

"ती दुसरी नर्स आज आहे का?"

खोटं लिहिणं सोपं होतं. पण गेले काही दिवस ती लोकांना ओरडून सांगत होती, की खोटं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

"गेली," तिने लिहिलं. "पहिलीच आहे."

पलीकडे तो लिहितोय असं दिसत होतं. थांबला. पुन्हा लिहायला लागला.

"दहा वाजतासुद्धा ती असते का?"

अनासेनीने ते वाचलं, पुन्हा वाचलं. घड्याळाकडे बघितलं. मग मोबाइल दोन्ही हातांत धरून तिने हळूहळू लिहिलं, "दहा वाजता नसते."

"रोज?"

"रोज."

तिने कपाटातून चादर काढली. फिलिमोनेला हाक मारून ती खाटेच्या मधोमध दोरीवर आडवी टांगायला लावली, खालून फक्त पाय बाहेर येईल एवढी वर. फिलिमोनेने गाठ मारली, चादरीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. बेटावर जन्मलेला माणूस होता तो. तो खाटेच्या पलीकडच्या बाजूला स्टूल टाकून बसला.

दहाला काठीचा आवाज आला. कोणीतरी चादरीपलीकडे खाटेवर आडवं झालं, आणि या बाजूला एक पाय आला, मोजा काढलेला. टाच तिच्या वडिलांसारखी रुंद होती. अनासेनीने हातमोजे चढवले. जखम तिला वाटली होती त्याहून वाईट होती, आणि भीती होती त्यापेक्षा बरी. ती कामाला लागली. पलीकडे फिलिमोने शनिवारच्या सामन्याबद्दल जे बोलत सुटला ते थांबेचना, आणि त्याबद्दल ती जन्मभर त्याची ऋणी राहणार होती.

मेलेली कातडी निघाली, जखम धुऊन झाली. ती पट्टी गुंडाळायला लागली तेव्हा पलीकडून हानितेलीने फिलिमोनेला मध्येच तोडलं.

"ती नर्स इथे नाहीये ना?"

"कुठली?" फिलिमोने म्हणाला. "नाही बुवा. दहा वाजता ती नसतेच."

"भेटली की तिला सांग," हानितेली म्हणाला. "म्हणावं, गोळ्या कालपासून परत सुरू केल्यात. आणि ज्यूसच्या बाटल्या डुकरांच्या चाऱ्यात ओतल्या. तिला काळजी लागून राहिली असेल."

चादरीच्या या बाजूला अनासेनी पाय मांडीवर घेऊन बसली होती. तिने पट्टीचं टोक चिकटवलं.

"सांगतो की," फिलिमोने म्हणाला. "दिसली की लगेच सांगतो."