गिदोनच्या घरचा बर्फ

सिस्टरने पाठीतली सुई काढली, त्या जागी बोळा दाबून पट्टी चिकटवली आणि म्हणाली, "आता जरा कुशीवर पडा, आजी."

मरियमने गुमान पाय वर घेतले. छातीत साठलेलं पाणी काढलं की दर वेळी तिला असंच हलकंहलकं वाटायचं. अंग खाटेवर पडलेलं, आणि मन मात्र उंडारायला मोकळं. कोपरगावाहून नगरला येताना धाप, परत जाताना पेंग, असं गेले तीन महिने चाललं होतं. खिडकीतलं डिसेंबरचं ऊन पायांवर आलं होतं. तिने डोळे मिटले.

शेजारी स्टुलावर तिचा नवरा गिदोन टोपी मांडीवर घेऊन बसला होता. साखर कारखान्याच्या बॉयलरवर सारी नोकरी काढलेला गडी, सत्तरी उलटली तरी जिना एका दमात चढायचा. आणि जिने कधी मिश्रीलासुद्धा बोट लावलं नाही, त्या मरियमच्या छातीत पाणी भरत होतं. आख्ख्या आळीला याचं कोडं पडलं होतं.

डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन आल्या. वयाने लहान होत्या, पण बोलणं शांत.

"बाबा, मागच्या खेपेला आतला तुकडा काढला होता, तो तपासून आला. फुफ्फुसावर पातळ पडदा असतो ना, त्याचा कॅन्सर आहे. हा बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीनं होतो. धूळ आत जाते आणि तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं गप्प बसते. आजी कधी तसल्या कामावर होत्या?"

"न्हाई. घरीच हुती ती."

"आणि तुम्ही?"

"मी बॉयलरवर." गिदोनने टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "वाफेच्या पायपांना पांढरं गुंडाळायचो आमी. कापसागत असायचं."

"ते घरी आणायचात?"

मरियमने मिटल्या डोळ्यांनीच ऐकलं, आणि ते पांढरं तिच्या पापण्यांआड भुरभुरायला लागलं.

नाताळची गव्हाणी आळीत घरोघर व्हायची. येशूबाळ, मेंढरं, वर गवताचं छप्पर, आणि छपरावर बर्फ म्हणून कापूस. एका वर्षी यांच्या गव्हाणीत मेणबत्ती कलंडली, कापसाने पेट घेतला आणि येशूबाळाचा बाप, मातीचा बिचारा योसेफ, कंबरेपर्यंत काळा झाला. पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याचं गाळप आटोपल्यावर कामगार पाइपांवरचं जुनं पांढरं खरवडून काढत होते, तेव्हा गिदोनने त्याचं पोतं भरून घरी आणलं. काडी ओढून त्याने एका पुंजक्याला लावून दाखवली. पुंजका नुसता बसून राहिला. "बघ मरियम," तो म्हणाला, "ह्ये जळतच न्हाई. आता कसलं भ्या न्हाई आपल्याला."

हौसेला मोल नसतं. मरियम दुपार दुपार बसून ते बोटांनी पिंजायची. लुगड्यावर, भुवयांवर, चहाच्या कपात सगळीकडे त्याची भुकटी. त्यांची पाच वर्षांची लेक एंजल पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधून गव्हाणीशी उभी राहायची आणि मुठी भरभरून वर उधळायची. "पडला! बर्फ पडला!" कवडशात ते कण किती सावकाश खाली येत! आळी बघायला लोटायची. फादरसुद्धा वाकून बघून गेले. बर्फ म्हणजे रसवंतीच्या ग्लासातला, एवढीच ज्यांची ओळख, ते कशाला नावं ठेवतील? नाताळ सरला की मरियम सगळं झटकून, पुन्हा पोत्यात भरून माळ्यावर ठेवायची. तितकी सुखी ती नंतर कधीच नव्हती.

"बाबा, मी विचारते याला कारण आहे," डॉक्टरीणबाईंचा आवाज लांबून आला. "त्या वेळी घरात जे जे होते, त्या सगळ्यांना तपासायला हवं. वेळेत कळलं तर हाताशी काही उपाय असतात. कोण कोण होतं?"

"दोघंच," गिदोन म्हणाला. "मी आन् ही."

मरियमने डोळे उघडले.

हा माणूस कधी खोटं बोललेला नव्हता. कारखान्यात लोक त्याला हसायचे, याला साधी सुट्टीची थापही मारता येत नाही म्हणून. आणि आज त्याने पोटची पोर घरातून काढून टाकली होती. तिला राग आला नाही. तोंडाने म्हटलं नाही तर ते घडलंच नाही, इतकी साधी त्याची आशा होती. तिलाही तेच हवं होतं. पुन्हा डोळे मिटावेत. तिकडे एंजल पाच वर्षांची होती, धडधाकट होती, आणि ऊन अजून कललं नव्हतं.

पण एंजल तिकडे नव्हती. ती नाशकात होती, दोन लेकरांची आई झालेली.

"अवं," मरियम म्हणाली. आवाजाला जोर नव्हता, तरी त्याला ऐकू गेलं. "तिघं हुतो आपण."

गिदोन टोपीकडे बघत राहिला.

"लेक हाय आमची, डॉक्टर."

"बरं. नाव सांगा तिचं."

मरियमच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि हात लांब करून गिदोनच्या गुडघ्यावर ठेवला. बाहेरून एक ढकलगाडी खडखडत गेली. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही.

"एंजल," शेवटी तो म्हणाला. मग घसा खाकरून, तिला शाळेत घातलं त्या दिवशी मास्तरांना सांगितलं होतं तसं पुरतं सांगितलं. "एंजल गिदोन भिंगारदिवे."

लेकीचं लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती. एंजलच्या नावापुढे आता तिच्या नवऱ्याचं, एडविनचं नाव लागायचं, आडनावही त्याचंच. गिदोनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं तसं लिहून घेतलं, आणि मरियमने ते दुरुस्त केलं नाही.