शेवटची ओळ

यादीत नाव होतं. नावापुढे वाचायचा हक्क होता, लिहायचाही होता. आणि तरी फाईल उघडत नव्हती. सकाळपासून हा एकच तमाशा चालू होता आणि ती एकटी तो बघत बसली होती.

काम तसं सांगायला सोपं. पाणीपुरवठा खात्याचे जमिनीखालच्या नळांचे नकाशे आता कॉम्प्युटरवर आले होते आणि कोणता नकाशा कोणी बघायचा, कोणी बदलायचा, हे लावून देणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. प्रत्येक फाईलला एक यादी चिकटवता येते: अमक्याला वाचू द्या, तमक्याला लिहू द्या. हजारो नकाशांना ती हाताने लावत बसलं तर जन्म जाईल, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीत तयार फंक्शनं असतात. एक यादी उचलून आणतं, एक तिच्यात कोरी नोंद घालतं, एक त्या नोंदीत माणूस बसवतं, एक त्याला हक्क देतं, एक सगळं तपासतं आणि शेवटचं यादी परत फाईलला चिकटवतं. एक खिळा ठोकायला सहा सुतार! आणि सहाही जण निमूटपणे शून्य परत करत होते. शून्य म्हणजे काम झालं, चूक नाही. चूक नाही तर फाईल का उघडत नाही, हे मात्र एकही सांगत नव्हता.

फोन वाजला. खात्यातल्या नकाशेवाल्या बाई.

"मॅडम, अजून 'परवानगी नाही' असंच येतंय."

"अहो, तुमचं नाव आहे यादीत. मला समोर दिसतंय."

"नाव घेऊन काय करू मी? इकडे रस्ता खणून ठेवलाय. नळ डावीकडून गेलाय की उजवीकडून, तेवढं सांगा म्हणतायत. भलत्या जागी कुदळ बसली तर अर्ध्या गावाचं पाणी जाईल, आणि बोलणी मला बसतील."

"बघते," ती म्हणाली. हे ती चौथ्यांदा म्हणत होती. तिने तोच नकाशा आपल्या लॉगिनमधून उघडून पाहिला. लगेच उघडला, अगदी शहाण्या मुलासारखा. तिला त्या नकाशाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तेवढ्यात भावाचा फोन आला. भाऊ धाकटा. चाळिशी उलटली, दोन मुलांचा बाप झाला, तरी धाकटाच. बाबा त्याच्याकडे असत. काल ते न्हाणीघरात घसरले होते आणि खुब्याचं हाड मोडलं होतं.

"ताई, डॉक्टर म्हणतात उद्या सकाळी ऑपरेशन करून टाकू. पण संध्याकाळच्या आत सही हवी. नाहीतर मग नंबर एकदम पुढच्या आठवड्यात. वयामुळे धोका आहे म्हणतात, पण असंच पडून राहिले तर तोही धोकाच. काय करायचं?"

पलीकडून बाबांचं कण्हणं ऐकू येत होतं. इकडे दारात साहेब उभे होते. कशालाही 'होऊन जाईल' म्हणायचे, म्हणून ऑफिसात त्यांचं नावच होऊन-जाईल पडलं होतं. आज तेही नुसते घड्याळ बघत होते.

"हे बघ, तू तिथे आहेस, तू ठरव," ती म्हणाली. "तुला योग्य वाटेल ते कर. माझी काही हरकत नाही. पण माझ्याशी बोलल्याशिवाय सही करू नकोस."

"अगं, म्हणजे—"

"मी करते फोन. आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाहीये."

तिने फोन ठेवला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून प्रोग्रॅम वाचायला घेतला. नोंद बरोबर, माणूस बरोबर, हक्क बरोबर. तिने बाईंचं नाव काढून पुन्हा घातलं. ये रे माझ्या मागल्या! मधे दोनदा भावाचा फोन आला, दोन्ही वेळा तिने तो कापला. तिसऱ्यांदा वाजल्यावर फोन खणात टाकून खण बंद केला. माणसाने एका वेळी किती ठिकाणी मरायचं? मोठी म्हणून जन्माला आलं की घरचेही आपल्यालाच विचारणार आणि दारचेही. एकालाही स्वतःचं डोकं चालवता येऊ नये, याची तिला खरोखर चीड आली.

दुपार कलली. चहा गार होऊन त्यावर साय धरली. शेवटी नाइलाजाने तिने आपला प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि सिस्टिमची साधी, सगळे वापरतात ती आज्ञा देऊन यादी छापून पाहिली. बाईंच्या नावापुढे दोन्ही हक्क होतेच. पण त्याच ओळीच्या शेवटी आणखी थोडं छापलेलं होतं. तिचा प्रोग्रॅम हा भाग कधी दाखवतच नव्हता. तिथे म्हटलं होतं: प्रत्यक्षात काहीही नाही.

ती खुर्चीत ताठ बसली. मास्क! या यादीत मास्क नावाची एक नोंद असते. नावानिशी कोणाला कितीही हक्क द्या, मास्क जेवढं सोडेल तेवढंच त्याच्या हाती लागतं. इथे तो पुरता बंद होता. फाईलच्या मालकाला मात्र तो लागू नसतो. आणि सगळ्या नकाशांची मालक होती तीच. म्हणून तिला आजवर कधी काही अडलं नव्हतं.

पण तो बंद केला कोणी? ती प्रोग्रॅमच्या तळाशी गेली. सहा फंक्शनांचं काम नीट पार पडल्यावर तिथे आणखी एक ओळ होती: जुन्या पद्धतीने मालकाला सगळं मोकळं, बाकी सगळ्यांना बंद. साध्या फाईलवर ही ओळ निरुपद्रवी असते. यादी चिकटवलेल्या फाईलवर ती थेट मास्कवर जाऊन बसते. वर टीप होती, तिच्याच हातची: 'खबरदारी म्हणून'.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दिवसभर तिने लायब्ररीला, सिस्टिमला, बाईंच्या कॉम्प्युटरला नावं ठेवली होती. सगळ्यांना सगळं देऊन शेवटी एका ओळीत काढून घेणारी ती स्वतःच होती. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

तिने ती ओळ पुसली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. थोड्याच वेळात टेबलावरचा फोन वाजला. "उघडला बाई एकदाचा!" नकाशेवाल्या बाई ओरडल्या आणि आभारबिभार न मानता त्यांनी फोन ठेवला. होऊन-जाईल साहेब दारातून म्हणाले, "बघा, झालं की नाही?" तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

ती त्या पुसलेल्या ओळीच्या जागेकडे बघत होती. तू ठरव, तुला योग्य वाटेल ते कर, माझी हरकत नाही. आणि मग शेवटी 'पण'. आजच नव्हे, बाबांचं औषध बदलताना तेच, त्यांची खोली खाली हलवताना तेच. तिने खण ओढून फोन काढला. बाहेर दिवे लागायला आले होते.

"ऐक," भावाने फोन उचलताच ती म्हणाली, "सही कर. लगेच कर. अजून आहेत ना डॉक्टर? उद्याच होऊ दे ऑपरेशन."

भाऊ म्हणाला, "आणि?"

"आणि काय?"

"पुढचं बोल. पण काय?"

"पण काही नाही रे."

भाऊ हळूच म्हणाला, "ताई, सही मी कधीच केली. तू दुपारी फोन ठेवलास ना, तेव्हाच. बाबांचं कण्हणं ऐकवत नव्हतं मला."

तिचा पारा चढायला सुरुवात झालीच होती. "मग दिवसभर फोन कशाला करत होतास?"

"तेच सांगायला. तू बोलू दिलंस का?"

बाबांना दमा आहे, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगितलंस का, हे अगदी जिभेवर आलं होतं. तिने ओठ घट्ट मिटले.

"भूलवाल्या डॉक्टरांना दम्याचं सांगितलंय," भाऊ म्हणाला. "तू आता फक्त ये."