ठिणगीचा डोळा

सुपरहिरोंच्या कॉमिकमध्ये गुरू-शिष्यांचं कधी धड चालत नाही. शिष्य एक तर मरतो, नाहीतर उलटतो. उलटला की अंक दुप्पट खपतो, म्हणून आमच्या संपादकबाईंनी यंदा ठिणगीला उलटवायचं ठरवलं. ठिणगी म्हणजे आमच्या कडकडाट या हिरोची शिष्या. ती गुरूवर हात उचलते, असं मोठं दोन पानी चित्र आमचे चित्रकार सर काढणार होते आणि त्यावर शाई मी करणार होते.

शाई करणं म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या आईलाही ते अजून गिरवणंच वाटतं. सर पेन्सिलनं चित्र काढतात. मी त्यावर ब्रशनं पक्की रेष ओढते आणि मग खालची पेन्सिल खोडून टाकते. पेन्सिल गेली की गेली. सरांचं कच्चं पान माझ्याशिवाय कुणी बघतही नाही.

त्यामुळे गेलं वर्षभर त्या पानांवर काय यायला लागलं होतं, ते मला एकटीलाच माहीत. कडकडाटाचा एक खांदा वर, एक खाली. नाक गालाकडे निघालेलं. एकदा तर बोटं सहा! मी निमूटपणे सावरून घ्यायची. मला वाटायचं, सर आळसावलेत. पोरगी आहे निस्तरायला, म्हणून कसंही खरडतात आणि घरी जातात. मी आतल्या आत धुमसत होते, पण तोंडावर बोलायची माझी काय टाप? ब्रश कसा धरायचा, रेष ओढताना श्वास कुठे रोखायचा, सगळं त्यांनीच शिकवलं. ओरडून, रडवून शिकवलं, हेही खरं.

त्यात ठिणगीची वेगळी मालिका निघणार असं कळलं. तिची चित्रं मला काढायची होती. शाई नाही, चित्रं. माझी स्वतःची. हिय्या करून बाईंना विचारलं, तर त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर सरांचं मत मागितलं.

"हिला?" सर म्हणाले. "अहो, ही माझ्या रेषेवरून हात फिरवते, आणि तोही धड नाही. छापून आलं की मला ते माझं चित्रच वाटत नाही. आधी जसंच्या तसं उतरवायला शीक म्हणावं, मग बघू मालिकेचं."

आमच्याकडे कॉम्प्युटरवर रंग भरणाऱ्याला सगळे रंगारी म्हणतात. तो फिस्सकन हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जसंच्या तसं पाहिजे ना? घ्या!

दोन पानी चित्र हातात आलं, तेव्हा ठिणगीचा डावा डोळा गालावर उतरला होता आणि कडकडाटाचा हात कोपरापासून भलतीकडेच निघाला होता. मी एकही रेष सावरली नाही. रेष थरथरली होती तिथे ती थरथरसुद्धा पक्की केली. इतकं मन लावून मी आयुष्यात काम केलं नसेल. मग पेन्सिल खोडली. खोडताना मला मजा येत होती, आणि आता तेच आठवून अंगावर काटा येतो.

सकाळी पान मोठ्या टेबलावर ठेवलं. बाई बघून थबकल्या. रंगारी "अरे बापरे" म्हणाला. आता सर येतील, बघतील, चपापतील, मी त्याचीच वाट बघत होते.

सर आले. टेबलावर वाकले, अगदी नाक कागदाला टेकेपर्यंत. शाईच्या रेषेवरून सावकाश बोट फिरवलं. मग सरळ झाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास! आज जमलं तुला. अगदी माझी रेष."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पहिलं शाब्बास. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आळस नाही, माज नाही, काही नाही. त्यांना दिसतच नव्हतं. मला मेलीला वर्षभर शेजारी बसून कळलं नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"हे काय करून ठेवलंयस तू?" बाई माझ्यावर कडाडल्या.

पेन्सिल खोडलेली. कच्चं पान कसं होतं, हे सांगणारी मी एकटीच. सगळं माझ्या अंगावर घेतलं असतं तर मालिका गेली असती, पण सर वाचले असते. मी घेणारच होते, देवाशपथ.

"चुकलं माझं," मी म्हणाले, "मीच जरा..."

"काय चुकलं?" सर मधेच भडकले. "बाई, उगाच पोरीला बोलायचं काम नाही! मी काढलं तसंच आहे हे. रेषान् रेष माझी आहे."

जन्मात पहिल्यांदा माझी बाजू घेतली माणसानं, आणि तीही तेव्हाच घ्यायची होती! कुणी काही बोलेना. ती शांतता सरांना कळली. कान शाबूत होते त्यांचे.

"पोरी," आवाज एकदम खाली आला, "काय चुकलंय गं? दाखव."

मी त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. "डोळा, सर. खाली गेलाय."

"आणि?"

"हात."

"आणि आधीच्या अंकांतलं?"

"ते मी सावरून घेत होते."

सर खुर्ची चाचपून खाली बसले. बाईंना अंक परवा छापायला पाठवायचा होता. त्या मला म्हणाल्या, "ही दोन पानं तू नव्यानं काढ. आणि मालिकाही तूच घे."

"हो," मी म्हणाले. लगेच. सर समोर बसलेले असताना. 'विचार करून सांगते,' एवढं म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं? पण हो निघालं, आणि आनंदानं निघालं. चित्राची लाज एक, या आनंदाची लाज दुसरी. दुसरी जास्त जळते.

सर उठले. "चांगलं काढ हो," म्हणाले आणि आशीर्वादाला हात उचलला. तो हात माझ्या डोक्यापासून वीतभर लांब, नुसत्या हवेत खाली यायला लागला. रंगारी बघत होता. बाई बघत होत्या. मी पटकन वाकले आणि डोकं त्या हाताखाली नेलं.